मोगऱ्याच्या दिवसांतलं इंग्रजी

मोगरा आला की माझ्या कानात इंग्रजी सुरू होतं. लोकांना मोगऱ्यावरून गजरे आठवतात, लग्नं आठवतात, कुणाकुणाला तर म्हणे प्रेम आठवतं. मला ‘मड’ आठवतो. ‘डस्ट’ आठवते. ‘हेन’, ‘पेन’ आणि ‘डेन’ आठवतात. पायाखाली वाफ्याची गार ओली माती, कमरेला पंचा बांधलेला, ओंजळ कळ्यांनी भरलेली, आणि दोन रांगा पलीकडून मालतीचा आवाज : "अर्थ सांग आधी, मंग टाक टोपलीत!"

यंदाही मोगरा आलाय. परवा सकाळी, पाणी उपसून नेणाऱ्या टँकरांविरुद्धच्या पत्रकांचा गठ्ठा सायकलला लावून आमच्या होळी गावाकडे निघाले होते, तर एका कुंपणाआडून तो बारीक आवाज आला. टक, टक, टक. कळी देठापासून नखाने सुटते तेव्हाचा. मी उतरून वाकून पाहिलं. दोन पोरी तोडत होत्या, आणि वाफ्याच्या कडेला रेडिओ वाजत होता. पोरी गप्प. मला उगाचच राग आला. पोरींवर नाही. त्यांच्याकडे बोलण्यासारखं काही उरलं नाही असं कुणीतरी त्यांना पटवलंय, त्या कुणावर तरी.

आमच्या वाडीत गप्प बसून मोगरा कुणी तोडला नाही. म्हणजे तोडला, एकदा, थोडे दिवस. त्याचंच सांगायचंय.

वाडी बावखलाला लागून होती. बावखल म्हणजे आमचं गोडं पाणी; विहीर म्हणावी तर फार ऐसपैस, तळं म्हणावं तर अगदी घरचं. काठाने केळी, मध्ये मोगऱ्याचे वाफे, मागे माडांची रांग. फेब्रुवारी लागता लागता झाडं पांढरी व्हायला लागायची. मोगरा तोडायचा तो उजाडता उजाडता, मिटलेला, दातांसारखा घट्ट. उन्हं चढेपर्यंत थांबलात तर संध्याकाळी दादरच्या गिऱ्हाइकाच्या हातात फूल पडतं, कळी नाही, आणि उमललेल्या फुलाला बाजारात कुणी विचारत नाही. बाबा सायकलला दोन्ही अंगांनी टोपल्या बांधायचे, वर ओलं केळीचं पान, आणि पहिल्या गाडीला स्टेशन गाठायचे. उपासकाळात आमच्या चर्चच्या वेदीवर फुलं नसतात. पण दादरला उपासकाळ नसतो. त्यामुळे ईस्टरच्या आधीचे ते सगळे आठवडे घरात मटण नाही, वेदीवर फूल नाही, आणि आमची बोटं मात्र मोगऱ्याने इतकी वास मारायची की पेज पितानाही मोगराच प्यायल्यासारखं वाटायचं.

माझी मोठी बहीण सबीना त्या वर्षी दहावीला होती. मी पाचवीत, म्हणजे माझं इंग्रजी नुकतंच ए-बी-सी-डीला लागलेलं. मालती शेजारच्या वाडीतली, सबीनाच्याच वर्गातली. तिचं घराणं मूळचं खाडीकडचं. आमच्यासारखीच ती ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणायची, पण शाळेत त्यासाठी चिडवलं की आणखी जोरात म्हणायची. त्यांच्याकडे मोगरा नव्हता, पानवेली होत्या. म्हणून सकाळी ती आमच्याकडे कळ्या तोडायला यायची आणि दुपारी आम्ही तिच्याकडे विड्याची पानं लावायला जायचो. हाताला हात, एवढाच हिशोब.

सहामाहीला सबीना इंग्रजीत नापास झाली. बाकी विषयांत बरी, गणितात तर वर्गात वर. पण इंग्रजी म्हटलं की तिची जीभ आत वळायची. आणि तिला व्हायचं होतं नर्स. आदल्या वर्षी आयचं पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा सबीना वॉर्डात तिच्या उशाशी राहिली होती. परत आली ती ठरवूनच. आमच्या मांजराचं तापमान बघायची.

त्याच सुमारास तिला एक स्थळ सांगून आलं. मुलगा नोकरीत, माणसं बरी, वाडी मोठी. बाबांनी सरळ सांगून टाकलं.

"बाय, मार्चला इंग्रजी सुटलं तर नर्सिंगला जा. मी अडवनार नाय. नाय सुटलं तर नोव्हेंबरात लग्न. मंग रडायचं नाय."

माझे बाबा दुष्ट नव्हते. त्यांच्या मते हा न्याय होता. सोळा वर्षांच्या पोरीचं आयुष्य एका परक्या भाषेच्या पेपरावर टांगून ठेवायचं, याला आपल्याकडे अजूनही न्यायच म्हणतात, फक्त म्हणणारे बाबा नसून सरकार असतं. आणि परकी तरी किती परकी? आम्ही घरात आमची बोली बोलायचो; इथे मी ती तुम्हाला कळेल अशी करून लिहितेय. शाळेत गेलो की बोली चूक, पुस्तकातली मराठी बरोबर. ती जरा तोंडात बसते न बसते तोच इंग्रजी. म्हणजे शहरातली पोर एक पायरी चढते तिथे आमची दोन चढते, आणि वर पोचल्यावर विचारतात, एवढा दम का लागला?

इंग्रजीच्या सरांचा एक लाडका प्रश्न होता. फळ्यावर दोन अक्षरं लिहायची. ती दोन्ही ज्यांत आहेत असे लहान लहान शब्द शोधायचे आणि प्रत्येकाचा अर्थ इंग्रजीतच, एका ओळीत लिहायचा. पूर्वपरीक्षेत हा प्रश्न येणार हे नक्की होतं. शब्द सबीनाला सापडायचे. अर्थापाशी ती अडायची. गाईडातला अर्थ पाठ करायची आणि सकाळपर्यंत तो उडून जायचा.

मालतीने एका पहाटे तोडता तोडता म्हटलं, "चल, यू आन् डी. बोल."

"बड," सबीना म्हणाली.

"म्हंजे?"

"कळी."

"ते मराठीत झालं. तुज्या भाषेत सांग. कळी म्हंजे काय?"

सबीनाने हातातल्या कळीकडे पाहिलं. "गाडीच्या आधीचं फूल."

मालती खो खो हसली, पण मान्य केलं. असा तो खेळ सुरू झाला. नियम दोनच. दोन अक्षरं ज्यात नाहीत तो शब्द बाद. आणि अर्थ सांगितल्याशिवाय ओंजळ टोपलीत रिकामी करायची नाही. अर्थ पुस्तकातला चालणार नाही, वाडीतून दिसेल असा पाहिजे. आधी मराठीत सांगायचा, मग मोडक्या इंग्रजीत. ओंजळ भरली की शब्द तयार हवा, नाहीतर कळ्या हातात धरून उभं राहावं लागे आणि आय ओरडे. त्यामुळे डोकं आणि बोटं एकाच वेगाने पळायची.

मड : पाट फुटल्यावर आय ज्याला शिव्या घालते ते. डस्ट : एसटी गेल्यावर आपल्यासाठी जे मागे राहतं ते. डक : बावखलात वर्षभर दिसतं आणि नाताळाच्या आदल्या दिवशी सापडत नाही ते. मालतीने ‘रूड’ काढला आणि अर्थ सांगितला, "सर." तो बिनविरोध मंजूर झाला.

ई आणि एन काढली त्या दिवशी माझीही मजा झाली, कारण हेन, पेन, टेन आमच्या पाचवीच्या पुस्तकातही होते. ‘नेट’वर सबीना म्हणाली, "कोळ्याचं शेत." मला ते इतकं आवडलं की मी दिवसभर तेच घोकत होते. मग मालती म्हणाली, "मेन."

"अर्थ?"

"मोगरा तोडायला जे उठत नाहीत ते."

केळीमागून बाबांचा आवाज आला, "कोन बोललं ते?"

"पुस्तकात आहे काका!" मालतीने ठोकून दिलं.

ओ आणि ए मात्र त्रासाचे होते. बोट आला, गोट आला, सोप आला. ‘ओक’ आला तेव्हा तिघी थांबलो. हे झाड आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं, आयने नाही, बाबांनी नाही, चर्चच्या फादरनी तरी पाहिलं असेल का कोण जाणे. सबीना हातात ओंजळ धरून कितीतरी वेळ उभी राहिली. शेवटी म्हणाली, "ज्याच्यावर आपलं कुनी चढलेलं नाय असं झाड." मी आज पत्रकं लिहिते, सभांतून बोलते, लोक टाळ्याही देतात. पण आमच्या शिक्षणाबद्दल मला याहून नेमकं काही लिहिता आलेलं नाही.

त्या सकाळी आठवल्या की मला एक गोष्ट आधी आठवते : उजेड. तो वरून यायचा नाही, खालून यायचा, कळ्यांतून. आधी झाड दिसायचं नाही, नुसते पांढरे ठिपके दिसायचे, मग पानं, मग मालतीची वेणी, मग आयचे हात. चर्चची घंटा व्हायची, आय तोडता तोडता क्रूस काढायची, आम्हीही काढायचो, मालतीसुद्धा सवयीने काढायची आणि मग जीभ चावायची. चुलीवर उकळत्या चहाचा धूर वाफ्यांवरून पसरायचा. आणि त्या सगळ्यात ते तुटके, लहान, गोऱ्या माणसांचे शब्द आमच्या चिखलात पाय रुतवून उभे असायचे. इंग्रजी मला नंतर कधीच एवढं आपलं वाटलं नाही.

पूर्वपरीक्षा झाली. सरांनी तोच प्रश्न घातला, आणि अक्षरं दिली यू आणि डी.

पुढचं मी मालतीच्या तोंडून ऐकलं, कारण सबीना त्या दिवशी घरी आली ती तोंडावर पांघरूण घेऊन झोपली. सरांनी पेपर वाटायच्या आधी एक पेपर हातात घेऊन वर्गाला वाचून दाखवला. "बड. अ फ्लॉवर बिफोर द ट्रेन." मग चष्मा वर करून म्हणाले, "होळीची नवी डिक्शनरी निघालीय. का हो बाई, फूल तिकीट काढतं की विदाउट जातं?" वर्ग फुटला. सर पुढे वाचत गेले, डक, डस्ट, एकेक शब्द. प्रत्येकाला हशा. आणि शेवटी शून्य, पूर्ण प्रश्नाला.

"मीपन हसले गे," मालती मला म्हणाली. आमच्या ओट्यावर बसून ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. "आधी हसले. मंग कळलं कोनाला हसतोय ते."

शब्द बरोबर होते. अक्षरं बरोबर होती. ज्या पोरीने जन्मभर कळीला गाडीच्या वेळेने ओळखलं, तिने तसं लिहिलं. दुसऱ्या कुठल्या गावची पोर ही चूक करूच शकली नसती. तिला ‘असं लिहू नकोस, पेपरात वेगळं लागतं’ एवढं सांगायला किती वेळ लागला असता? पण सांगण्याला टाळ्या मिळत नाहीत, हसवण्याला मिळतात.

त्यानंतर वाडी गप्प झाली. सबीना उठायची, पंचा बांधायची, तोडायची. मालती एखादं अक्षर टाकून बघायची. उत्तर यायचं नाही. मग मालतीही गप्प. मी लहान, पण मलाही कळत होतं की आता तोंड उघडायचं नाही. टक, टक, टक, एवढंच. सबीनाने गाईड उघडायचंही सोडलं. एकदा आय तिला म्हणाली, "अगो, वाचतेस ना?" तर म्हणाली, "कशाला? नोव्हेंबरात भांडी घासायला इंग्रजी लागतं काय?"

बाबांनी ते ऐकलं. त्यांच्या दृष्टीने निकाल आधीच लागला होता, आणि मला वाटतं, त्यांना तो नको होता असंही नव्हतं.

पण गप्प बसल्याने एक भलतंच झालं. हात मंदावले. खेळ होता तेव्हा ओंजळ आणि शब्द यांची शर्यत असायची. आता कुणालाच घाई नव्हती. उन्हं वाफ्यात शिरली तरी मागच्या दोन रांगा तशाच पांढऱ्या. बाबा टोपल्या घेऊन निघाले आणि तासाभराने तशाच भरल्या टोपल्या घेऊन परत आले. गाडी चुकली होती, आणि पुढची दादरचा बाजार उठल्यावर पोचायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकली. केळीच्या पानाखालचा मोगरा दुपारी आमच्या ओट्यावर उमलला, सगळा एकदम, निर्लज्जासारखा. घरभर तो वास. कुणाला जेवण गेलं नाही.

तिसऱ्या सकाळी बाबा स्वतः वाफ्यात आले. दोन रांगा मुकाट्याने तोडल्या. मग कंबर सरळ करून ओरडले :

"अरे, काय बोलायचात ते बोला ना! त्या कोंबड्या, बदकं, काय ते! तोंड बंद तर हात बंद!"

मालतीने माझ्याकडे पाहिलं. मी सबीनाकडे.

"अक्षरं मी सांगू काय?" बाबा आणखी चिडून म्हणाले. "मला येत नायत. तुमीच सांगा!"

सबीनाला हसू आलं. मला ते अजून दिसतं. आधी नाक हललं, मग खांदे. ती खाली बसून हसत राहिली, कळ्या सांडल्या, आय ओरडली. मग डोळे पुसत उठली आणि म्हणाली, "ए आन् आर. पन आता नियम बदलला."

नवा नियम असा : एका शब्दाला दोन उत्तरं. एक आपलं, एक पेपरचं. आपलं आधी सांगायचं, नाहीतर पेपरचं डोक्यात बसत नाही. पेपरचं नंतर, घोटून, गाईडात आहे तसंच्या तसं. दोन्ही झाली तरच ओंजळ टोपलीत.

"आणि पेपरात आपलं लिहिलंस तर?" मी विचारलं.

"हात तोडीन माजा मीच," ती म्हणाली. "कार. बोल मालती."

"आपलं : सायबाची बैलगाडी. पेपरचं..." आणि मालतीने गाईडातली ओळ सुरात म्हणून दाखवली, सरांच्या नाकातल्या आवाजात. आयसुद्धा हसली.

अशा रीतीने, बाबांच्या टोपल्या वेळेत भराव्यात म्हणून, बाबांच्याच हुकमाने, सबीनाचं इंग्रजी पुन्हा सुरू झालं. बाबांना हे कळत होतं की नाही, मला ठाऊक नाही. एवढं खरं की गाडी पुन्हा कधी चुकली नाही, आणि पंप लावायच्या निमित्ताने ते त्यानंतर वाफ्याच्या आसपास घोटाळायचे. एकदा त्यांना केळीच्या बुंध्याशी पुटपुटताना मी ऐकलं : "नेट. कोळ्याचं शेत. हॅ!"

त्या नियमाने माझं मात्र कायमचं बिघडवलं. मला कुठलाही कागद एका अर्थाने वाचता येत नाही. मागच्या महिन्यात चांदीपला सभा झाली. व्यासपीठावरचे साहेब ‘विकास, विकास’ म्हणत होते, आणि मी मनात ओंजळ धरून उभी होते. पेपरचं उत्तर ते देतच होते. आपलं उत्तर कुणी देत नव्हतं, म्हणून मी उठून दिलं : बावखलातलं पाणी तुळिंजच्या नव्या इमारतींच्या टाकीत जातं आणि आमची केळ उभी वाळते, ते. साहेब म्हणाले, ही व्याख्या नाही. मला सरांचा चष्मा दिसला. फरक एवढाच की या वेळी लोक हसले नाहीत.

असो. मी मोगऱ्याबद्दल लिहीत होते.

परीक्षा झाली. पेपरच्या सकाळी आयने चर्चच्या आवारातल्या मातेच्या ग्रोटोपाशी मेणबत्ती लावली, मालतीच्या आईने दह्याची वाटी पाठवली. सबीनाने दोन्ही घेतलं. एप्रिल गेला, मे गेला. मोगरा भरभरून आला आणि ओसरला. केळ्यांची सुकेळी वाळवायच्या चटया ओट्यावरून उचलल्या गेल्या. मुलाकडचे दोनदा येऊन गेले; दुसऱ्या वेळी मुलाची आई सबीनाच्या हाताचं माप डोळ्यांनी घेत होती, बांगड्यांसाठी.

निकाल लागला त्या दिवशी बाबा बावखलाच्या काठावर गाळ काढत होते. सबीना शाळेतून आली ती सरळ तिथेच गेली. मी मागे.

"बाबा, सुटलं."

"काय सुटलं?"

"इंग्रजी."

"किती?"

"सुटण्याइतकं."

बाबांनी फावडं खाली ठेवलं. पाण्यात उतरून पाय धुतले. पाय केव्हाच स्वच्छ झाले होते तरी धूत राहिले.

रविवारी मिस्सा सुटल्यावर मुलाचे काका चर्चच्या पायऱ्यांवर भेटलेच. "मंग, कदी येऊ तारीख ठरवायला?"

"नका येऊ," बाबा म्हणाले. "पोरगी शिकायला जाते. तिचं इंग्रजी सुटलं."

काकांचं तोंड उतरलं. बाबांचंही जरा उतरलं होतं. घर खरंच चांगलं होतं. पण पायऱ्या उतरेपर्यंत त्यांनी हीच बातमी आणखी चौघांना सांगितली. त्यांतल्या कुणीही विचारलं नव्हतं.

ती गेली त्या दिवशी एसटीच्या थांब्यावर आम्ही सगळे होतो. मालतीही आली होती. तिचं मात्र पुढचं ठरलेलं नव्हतं. पत्र्याची ट्रंक वर चढवली. आय सारखी सबीनाचे केस मागे सारत होती. बाबा बाजूला उभे, जणू दुसऱ्याच कुणाला पोचवायला आलेत. गाडीने हॉर्न दिला तेव्हा ते खिडकीपाशी आले.

"बाय, पत्र टाक."

"टाकीन बाबा."

"इंग्रजीत लिहू नको हां. ह्या धाकटीकडनं नि मालतीकडनं वाचून घ्यावं लागेल, आन् ह्या मला सगळं खरं सांगायच्या नायत."